जामीनदार

अर्जातला सातवा रकाना:
‘लोकहिताचे काम म्हणजे आपल्या मते काय?
शंभर शब्दांत लिहा.’

किल्ला कोर्टाच्या बाजूला झेरॉक्सवाल्या गोरक्षच्या
स्टुलावर बसून मी लिहिते, खोडते.
तो म्हणतो, मॅडम, चांगला कागद नासताय,
पाठकोरा देऊ का?

सहा लाख ऐंशी हजार.
कर्ज काढताना साहेबांनी विचारलं होतं, जामीनदार कोण?
मामा पुढे झाले. गोदीत जन्मभर क्रेन चालवलेला माणूस,
वजनाला घाबरत नाही.
सही करताना जीभ तेवढी दातांत धरली होती.

आता दर पाच तारखेला नऊ हजार चारशे.
संस्था पगार करते दहाला, कधी चौदाला.
मधल्या दिवसांत बँकेचा नंबर मला पाठ असतो,
मी उचलत नाही.
मग ते मामांना लावतात.
मामा मला सांगत नाहीत.
मामी सांगते.

भायखळ्याच्या तुरुंगात जैतूनबी.
शिवडीतल्या एका घरातून चांदीचा तांब्या गेला
आणि त्या घरात भांडी घासायला ही जायची,
एवढाच पुरावा.
जामीन मंजूर होऊन सात महिने झाले:
पंधरा हजार, आणि एक लायक जामीनदार.
लायक म्हणजे रेशनकार्ड, पगाराची स्लिप, राहता पत्ता.
तिला ओळखणाऱ्यांकडे यातलं काही नाही.
ज्यांच्याकडे आहे ते तिला ओळखत नाहीत,
आणि तांब्यावाले ओळखतात ते नको तेवढं.

पंधरा हजार म्हणजे माझे दीड हप्ते आणि वर थोडे,
असा हिशेब मी भेटीच्या जाळीपाशी उभी राहून केला.
लाज वाटली.
घरी येऊन पुन्हा केला.

दोघींनाही शब्द एकच.
तिला जामीनदार मिळत नाही म्हणून ती आत,
मला मिळाला म्हणून मी,
बाहेर म्हणू?

अर्ज ऋत्विजानं पाठवला.
लोअर परळ, अठ्ठाविसावा मजला,
तिचं कर्ज दीड वर्षात फिटलं.
‘कॉलेजच्या जुन्या मुलांनी निधी काढलाय,
हप्ते भरतात. तुझ्यासारख्यांसाठी.’
तुझ्यासारख्यांसाठी, यावर मी दोन दिवस रुसले.
तिसऱ्या दिवशी पाच तारीख होती.

उत्पन्नाचा दाखला जोडा. कर्जाचा उतारा जोडा.
नोकरी सोडल्यास मदत बंद.
रोज दुसऱ्यांची गरिबी
मॅजिस्ट्रेटसमोर कागदांनी सिद्ध करते मी,
स्टेपलर मारताना हात कधी अडखळला नाही.
आज पिन दोनदा वाकली.

सातव्या रकान्यात शेवटी जैतूनबीच लिहिली.
तांब्या, तारखा, सात महिने.
सत्त्याण्णव शब्द झाले.
उरलेले तीन सुचले नाहीत.

मंगळवारी आमचा दुसरा अर्ज चालला.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, सात महिने? म्हणाले,
आणि लिहिलं: जातमुचलक्यावर सोडावे.
फाटकाबाहेर तिनं विचारलं,
वकीलबाई, माझ्यासाठी उभं कोण राहिलं?
तूच, म्हटलं. तुझा अंगठा, तुझा शब्द.
तिला पटेना.
परत आत जाऊन हवालदारणीला विचारून आली.

निधीचं पत्र महिन्यानं आलं.
रक्कम मर्यादित, अर्जदार पुष्कळ,
सबब निम्मा हप्ता, एक वर्ष, परस्पर बँकेत.
निम्मा तर निम्मा.
उरलेले चार हजार सातशे
मी पाचला सकाळी साडेनऊला भरले,
पावतीचा फोटो काढला, कुणाला पाठवला नाही.

आठ तारखेला मामांचा फोन.
इकडचं तिकडचं बोलले, मामीचा गुडघा,
सोसायटीची टाकी.
मग जरा थांबून, घसा खाकरून:
अगं, या महिन्यात बँकेतून कुणी बोललं नाही.
सगळं बरं आहे ना तुझं?